कोयना, किल्लारी आणि अंथुर्णे : दख्खनच्या 'स्थिर' भूमीचा इतिहास

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर अंथुर्णे हे गाव आहे. उत्तरेस भीमा व दक्षिणेस नीरा ह्या दोन नद्यांच्या मधला हा टापू. नीरा डाव्या कालव्याचे पाणी येण्यापूर्वी तो अवर्षणाचा म्हणून प्रसिद्ध होता. आज तो उसाचा मुलूख आहे. ह्या भागातील लोकस्मृतीत दुष्काळाला जे स्थान आहे ते भूकंपाला नाही. १८७६-७८ चा दुष्काळ कालव्याच्या रूपाने मागे उरला, १९७२ चा दुष्काळ वृद्ध माणसांच्या बोलण्यात अजून येतो; परंतु जमीन हालल्यामुळे गाव उद्ध्वस्त झाल्याची आठवण येथे कोणी सांगत नाही. १९६७ व १९९३ ह्या दोन वर्षांतील मोठे धक्के पश्चिम महाराष्ट्रभर जाणवले, तसे ते येथेही जाणवले आणि विरले.

नकाशावर मात्र अंथुर्ण्याचे स्थान विचार करण्याजोगे आहे. गावाच्या नैर्ऋत्येस सरळ रेषेत सुमारे १३० किलोमीटरांवर कोयनानगर आहे आणि जवळजवळ त्याच अक्षांशावर पूर्वेस, १९० किलोमीटरांच्या आत, लातूर जिल्ह्यातील किल्लारी आहे. महाराष्ट्राच्या ज्ञात इतिहासातील दोन सर्वांत घातक भूकंप ह्या दोन ठिकाणी झाले. दोन्ही ठिकाणे ज्या काळ्या दगडावर वसली आहेत त्याच दगडावर अंथुर्णेही वसले आहे, आणि दोन्ही ठिकाणांविषयी भूकंपाच्या आदल्या दिवसापर्यंत जाणत्यांचे जे मत होते तेच अंथुर्ण्याविषयीही होते. दख्खनची भूमी स्थिर आहे हे ते मत होय. ते कसे बनले, कसे मोडले आणि मोडल्यानंतरही किती काळ टिकून राहिले, ह्याचा इतिहास पाहण्यासारखा आहे.

इंदापूर तालुक्यात विहीर खणणाऱ्या माणसाला ह्या भूमीची रचना ग्रंथ न वाचताही ठाऊक असते. वर काळी माती, तिच्याखाली चुनखडीचे खडे, मग मुरूम, मग मांजऱ्या दगड आणि त्याखाली सुरुंगाशिवाय न फुटणारा काळा कातळ. कातळ संपला की पुन्हा मऊ, लालसर किंवा पोकळ्यांनी भरलेला थर लागतो, पाणी बहुधा तेथेच सापडते, आणि पुन्हा कातळ. ही एकावर एक रचलेली चळत म्हणजे लाव्ह्याचे निरनिराळ्या वेळी वाहून थिजलेले थर होत. सुमारे सहा कोटी साठ लक्ष वर्षांपूर्वी जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून हा रस वर आला व दूरवर पसरला. त्याने व्यापलेले क्षेत्र आज सुमारे पाच लक्ष चौरस किलोमीटर भरते. सह्याद्रीत त्याची जाडी काही ठिकाणी दीड-दोन किलोमीटरांपर्यंत जाते, पूर्वेकडे ती कमी कमी होत जाते. डोंगरांच्या उतारावर ह्या थरांच्या पायऱ्या स्पष्ट दिसतात, आणि पायरी ह्या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरूनच युरोपातील भूवैज्ञानिकांनी ह्या खडकाला ट्रॅप हे नाव दिले. मुंबई इलाख्याच्या सेवेत असलेल्या कर्नल साइक्स ह्यांनी १८३० नंतरच्या दशकात दख्खनच्या भूरचनेचे वर्णन लंडनच्या भूविज्ञान मंडळापुढे मांडले, आणि १८६० नंतर भारतीय भूविज्ञान सर्वेक्षणाच्या ब्लॅनफर्ड ह्यांनी ह्या थरांचा अधिक पद्धतशीर अभ्यास केला.

महाराष्ट्राची भूमी अशी बहुतांशी ज्वालामुखीजन्य असली, तरी महाराष्ट्रात आज ज्वालामुखी नाही. पायथा, उतार व मुख असा शंकूच्या आकाराचा पर्वत येथे कधी शोधून सापडावयाचा नाही, कारण येथील उद्रेक बहुतांशी भेगांतून झाला. लोणारच्या सरोवराला पूर्वी ज्वालामुखीचे विवर समजत. पण १९७३ च्या सुमारास तेथील खडकांच्या तपासणीवरून ते अशनीच्या आघाताने पडले असल्याचे सिद्ध झाले. भारताच्या हद्दीतील एकमेव जागृत ज्वालामुखी अंदमान समुद्रातील बॅरन बेटावर आहे. तेव्हा ह्या प्रदेशात लाव्ह्याचे भय उरलेले नाही. उरला आहे तो थिजलेला दगड. आणि ह्या दगडाच्या कठीणपणानेच पुढील घोटाळ्याला प्रारंभ झाला. जे कठीण ते अढळ, असे लोकांना वाटणे स्वाभाविक होते. शास्त्रज्ञांची भाषा निराळी होती, तथापि निष्कर्ष तोच होता.

१८९७ च्या आसामच्या प्रचंड भूकंपानंतर सरकारने भूकंपलेखक यंत्रे बसविण्याचे मनावर घेतले आणि कलकत्त्याजवळील अलीपूर, मुंबईतील कुलाबा व दक्षिणेतील कोडाईकनाल येथील वेधशाळांत शतकाच्या अखेरीस ती सुरू झाली. ती जी नोंद करू लागली तिच्यात हिमालय, आसाम, बलुचिस्तान, ब्रह्मदेश ह्यांचीच नावे येत. १९०५ मध्ये कांगडा, १९३४ मध्ये बिहार, १९३५ मध्ये क्वेट्टा. द्वीपकल्पीय भारत हा पृथ्वीच्या कवचाचा पुरातन व अचल तुकडा आहे, घडामोडी होतात त्या त्याच्या उत्तरेच्या कडेला, असे वाडिया ह्यांच्या प्रसिद्ध ग्रंथातून भूविज्ञानाच्या अनेक पिढ्या शिकल्या. बिहारच्या भूकंपानंतर भूविज्ञान सर्वेक्षणाने १९३५ मध्ये देशाचा जो भूकंपविषयक नकाशा सिद्ध केला त्यात धोक्याचे तीन पट्टे होते. दख्खन अर्थातच अखेरच्या पट्ट्यात पडला. १९६२ मध्ये भारतीय मानक संस्थेने इमारतींच्या रचनेसाठी पहिली संहिता प्रसिद्ध केली. तिच्यात शून्य ते सहा असे पट्टे होते व द्वीपकल्पाचा फार मोठा भाग शून्य ह्या आकड्याखाली दाखविलेला होता. शून्य ह्या आकड्याची निवड बोलकी आहे. धोका कमी आहे असे म्हणणे वेगळे आणि तो नाहीच असे म्हणणे वेगळे.

ह्या मताला आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. जेथे फार वर्षे भूकंपाची नोंद नाही तेथे भूकंप होत नाही, हा तर्क यंत्राच्या साठ-सत्तर वर्षांच्या नोंदीवर उभा होता. परंतु ज्या विभंगावर हजारो वर्षांतून एकदा हालचाल होते, त्याच्या दृष्टीने साठ वर्षे म्हणजे काहीच नव्हे. मराठी कागदपत्रांतही लढाया, तह, वतने आणि दुष्काळ ह्यांची नोंद ज्या आस्थेने झाली आहे त्या आस्थेने धरणीकंपाची झालेली नाही. नोंदीचा अभाव हाच घटनेचा अभाव मानला गेला.

गंमत अशी की, भूमी अचल आहे ह्या समजुतीला मुळापासून धक्का देणारा पुरावा ह्याच काळात दख्खनच्या दगडातूनच बाहेर येत होता. लाव्हारस थिजताना त्यातील लोहयुक्त खनिजे त्या वेळच्या चुंबकीय उत्तर-दक्षिणेची खूण धारण करतात व ती खूण पुढे दगडात कायम राहते. १९५० नंतरच्या दशकात लंडनहून आलेल्या क्लेग व त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणि पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील राधाकृष्णमूर्ती व सहस्रबुद्धे ह्यांनी, दख्खनच्या खडकांतील ह्या खुणा मोजल्या. हा दगड थिजला तेव्हा ही भूमी विषुववृत्ताच्या दक्षिणेस, आजच्यापेक्षा कित्येक हजार किलोमीटर दूर होती, असे त्यावरून निघाले. व्हेगेनर ह्यांनी १९१२ मध्ये मांडलेली व पुढे बहुतेकांनी हसण्यावारी नेलेली खंडविप्लवाची कल्पना अशा रीतीने सह्याद्रीच्या पायऱ्यांवरून पुन्हा वर आली. १९६३ मध्ये व्हाइन व मॅथ्यूज ह्यांनी समुद्राचा तळ दुभंगत व पसरत असल्याचे जे अनुमान काढले, त्यासाठी त्यांनी मुख्यतः वापरलेली मोजमापे हिंदी महासागराच्या वायव्य भागातील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेची होती. अंथुर्ण्याचा अथवा कोणत्याही दख्खनी गावाचा कातळ स्थिर आहे असे म्हणताना तो स्वतःच दक्षिण गोलार्धातून आलेला प्रवासी आहे, हे तोपर्यंत ध्यानात आलेले नव्हते.

ह्याच सुमारास सह्याद्रीत कोयनेचे धरण पुरे होत आले होते. १०३ मीटर उंचीच्या ह्या धरणामागे १९६१-६२ पासून पाणी साठू लागले. जलाशयाला शिवाजीसागर असे नाव देण्यात आले. पाणी साठू लागल्यावर थोड्याच काळात परिसरातील लोकांना जमिनीतून गडगडाट ऐकू येऊ लागला व लहान धक्के बसू लागले. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्राने १९६३ पासून तेथे भूकंपलेखक बसविले, आणि बहुतेक धक्क्यांची केंद्रे जलाशयाच्या आसपास असल्याचे नोंदीवरून दिसू लागले. १९६७ च्या सप्टेंबरात ह्यांपैकी एक धक्का बऱ्याच तीव्रतेचा झाला. म्हणजे इशारा मिळाला नव्हता असे नाही. मिळालेला इशारा मापला जात होता, परंतु जुन्या मताच्या चौकटीत त्याला मोठ्या भूकंपाची पूर्वसूचना हा अर्थ देता येत नव्हता.

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी ६.३ प्रतीचा भूकंप झाला. कोयनानगरातील बहुतेक घरे पडली अथवा राहण्याजोगी उरली नाहीत. सुमारे १८० माणसे मृत्यू पावली व दोन हजारांवर जखमी झाली. धरणाच्या आत बसविलेल्या यंत्राने जमिनीच्या प्रवेगाची कमाल गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट इतकी नोंदविली. धरणाच्या आराखड्यात भूकंपासाठी धरलेला गुणक ०.०५ होता. ह्या दोन आकड्यांची तुलना सरळसरळ करता येत नाही, कारण एक क्षणिक कमाल आहे व दुसरा गणिताच्या सोयीसाठी धरलेला स्थिर आकडा. तरीही त्यांच्यातील अंतर जुन्या समजुतीची किंमत सांगण्यास पुरेसे आहे. जेथे धरणाचा उतार बदलतो त्या उंचीवर आडव्या भेगा पडल्या. धरण मात्र उभे राहिले, आणि पुढे त्याच्या उंच भागांना मागून काँक्रीटचे टेकू देऊन ते मजबूत करण्यात आले.

३० डिसेंबर १९६७ रोजी, म्हणजे कोयनेनंतर तीन आठवड्यांच्या आत, इंग्लंडमधील एका शास्त्रीय साप्ताहिकात मॅकेंझी व पार्कर ह्यांचा लेख प्रसिद्ध झाला. पृथ्वीचे कवच थोड्या ताठ पट्टांचे बनलेले असून हे पट्ट गोलावर सरकतात आणि भूकंप मुख्यतः त्यांच्या कडांवर होतात, ह्या भूपट्ट-सिद्धांताच्या मूळ लेखांपैकी तो एक होय. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु इतिहासकाराने हा योगायोग नजरेआड करू नये. ज्या महिन्यात कडांवरील भूकंपांचे उत्तम स्पष्टीकरण जगाला मिळाले, त्याच महिन्यात कडेपासून हजार-दीड हजार किलोमीटर आत असलेल्या पट्टाच्या पोटात एक गाव पडले. नव्या सिद्धांताने दख्खन सरकतो हे मान्य केले, पण तो अखंड तुकड्यासारखा सरकतो असेही सांगितले, त्यामुळे जुन्या समजुतीला एक नवे रूप मिळाले. ह्या अडचणीचा उलगडा पुढे हळूहळू झाला. भारतीय पट्ट वर्षाला काही सेंटिमीटर ह्या गतीने उत्तरेस सरकून आशियाला रेटतो आहे. हा रेटा हिमालयातच संपत नाही. तो सबंध पट्टात ताण होऊन साठतो आणि जेथे खोल खडकात जुने विभंग आहेत तेथे कधीतरी मोकळा होतो. हे विभंग लाव्ह्याच्या थरांखाली झाकलेले असल्यामुळे वरून दिसत नाहीत. कठीण आणि सपाट कातळ हे ह्या अर्थाने एक झाकण आहे.

कोयनेच्या बाबतीत ह्या ताणाला पाण्याने निमित्त दिले, असे आज सर्वसाधारणपणे मानले जाते. ह्यापूर्वी चीनमधील शिनफेंगच्यांग, आफ्रिकेतील करीबा आणि ग्रीसमधील क्रेमास्ता ह्या जलाशयांजवळ १९६२ ते १९६६ ह्या काळात मोठे भूकंप झाले होते. त्या मालिकेत कोयना सर्वांत मोठा ठरला. भेगांतून खोल झिरपणारे पाणी विभंगावरील दाब बदलते व आधीच तुटण्याच्या बेतात असलेला खडक थोडा अगोदर सरकतो. पाण्याने ताण निर्माण केला नाही. हा भेद न कळल्यामुळे प्रत्येक धरण भूकंप घडविते अशी एक भीती पसरली, तिला अंथुर्ण्याच्या उत्तरेसच उत्तर आहे. इंदापूर तालुक्याच्या उत्तर सीमेवरील भीमेच्या खोऱ्यात १९८० मध्ये पुरे झालेल्या उजनी धरणाचा एकूण साठा सुमारे ११७ अब्ज घनफूट, म्हणजे कोयनेहून अधिक आहे. पण पाणी पसरट आहे, खोल नाही, आणि त्याच्या काठी कोयनेसारखी भूकंपमालिका सुरू झाली नाही. उलट ठाणे जिल्ह्यातील भातसा जलाशयाजवळ १९८३ मध्ये धक्के बसले. पाण्याची खोली आणि तळाखालील विभंगाची अवस्था ह्या दोन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

कोयनेनंतर १९७० मध्ये भूकंपपट्ट्यांचा नकाशा बदलला. शून्य हा पट्टा रद्द झाला व कोयनेचा परिसर एकदम चौथ्या पट्ट्यात गेला. ही दुरुस्ती आवश्यक होती. तिच्यातील उणीव अशी की, ती जेथे घर पडले तेवढ्यापुरती झाली. कोयना हा अपवाद, त्याचे कारण धरण, आणि धरण नाही तेथील दख्खन पूर्वीप्रमाणे स्थिर, असा अर्थ बहुतेकांनी घेतला. लातूर व उस्मानाबाद हे जिल्हे सर्वांत खालच्या पट्ट्यातच राहिले.

किल्लारीच्या आसपास १९९२ च्या पावसाळ्यापासून धक्के जाणवू लागले. १८ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांतील सर्वांत मोठा, सुमारे चार प्रतीचा धक्का बसला. काही दिवस लोक घराबाहेर झोपले, भिंतींना तडे गेले, वर्तमानपत्रांतून चर्चा झाली. मग धक्के थांबले आणि माणसे पुन्हा घरात गेली. पुढच्या वर्षी गणेशविसर्जनानंतर, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास, ६.२ प्रतीचा भूकंप झाला. मृतांचा शासकीय आकडा सुमारे ८,००० आहे. काही गणनांत तो दहा हजारांच्या जवळ जातो. नंतर किल्लारीजवळ घेतलेल्या छिद्रात ३३८ मीटरांवर लाव्ह्याचे थर संपले आणि त्यांच्याखालील फार प्राचीन खडक लागला. ज्या कातळाच्या भरवशावर ही भूमी निर्भय मानली गेली होती तो तेथे एवढाच होता.

कोयना ६.३ व किल्लारी ६.२, दोन्ही पहाटे, माणसे घरात निजलेली असताना, दोन्हींची केंद्रे जमिनीपासून फार खोल नव्हती. असे असता एका ठिकाणी सुमारे १८० मृत्यू व दुसऱ्या ठिकाणी आठ हजार, हा फरक केवळ भूविज्ञानाने उलगडत नाही. कोयनेचे खोरे डोंगराळ व विरळ वस्तीचे होते, किल्लारीभोवती दाट वस्तीची मोठी गावे होती, हे एक कारण निश्चितच आहे. दुसरे कारण छपराचे आहे, आणि त्याचा विचार सावकाश केला पाहिजे, कारण ते अंथुर्ण्यापर्यंत येऊन पोचते.

सह्याद्रीच्या भरपूर पावसात सपाट छप्पर टिकत नाही. तेथे घर उतरत्या छपराचे, लाकडी सांगाड्यावर कौले घातलेले; भिंत दगड-मातीची असली तरी डोक्यावरचे ओझे हलके. घाटमाथा सोडून पूर्वेस येऊ लागले की पाऊस कमी होतो, लाकूड दुर्मीळ होते, ऊन वाढते आणि घर बदलते. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागापासून सोलापूर व मराठवाड्यापर्यंत जुने घर म्हणजे माळवद किंवा धाबे. भिंती हातभर ते दीड-दोन हात जाड. त्यांना बाहेरून व आतून दगडांचे एकेक तोंड असते, आणि मधल्या पोकळीत चिपा व माती भरलेली असते. वर तुळया, तुळयांवर आडवी लाकडे, त्यांवर बारीक फळ्यांचे किंवा काटक्यांचे आच्छादन, त्यावर पाला व त्यावर मातीचा थर. मृगाच्या आधी ह्या थरावर पाणी गळू नये म्हणून खारी माती पसरण्याची चाल असते. जुनी काढण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. अशा रीतीने थर दरसाल बोटभर वाढत जातो व दोन पिढ्यांत हातभर होतो. दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोलीवर अर्धा मीटर माती धरली तर तिचे वजन सुमारे नऊ टन भरते.

हे घर अडाणीपणाचे घर नव्हे. जाड भिंत व जाड माळवद उन्हाळ्यात थंड व हिवाळ्यात उबदार राहते. धान्य वाळविण्यास, रात्री झोपण्यास, शेजारच्या घरी जाण्यास माळवदाचा उपयोग होतो. आणि दगड व माती गावातच फुकट मिळते. शतकानुशतके ज्या शत्रूंशी झुंजावे लागले, म्हणजे ऊन, चोर, दरोडेखोर, त्यांच्याविरुद्ध ते उत्तम होते. भूकंप हा शत्रूंच्या यादीतच नव्हता. म्हणून भिंतीची दोन्ही तोंडे एकमेकांना बांधणारे, आरपार जाणारे लांब दगड घालण्याची काळजी घेतली गेली नाही; खर्च वाचविताना तेच प्रथम वगळले गेले. जमीन आडवी हालली की अशी भिंत मधून फुगते, तिची दोन तोंडे सुटी होतात आणि मातीचे ओझे खाली येते. किल्लारीत माणसे दगडाखाली सापडली, तशीच मातीखाली गुदमरली. जेथे छप्पर भिंतीवर नसून लाकडी खांबांवर तोललेले होते तेथे भिंत बाहेर पडूनही कित्येक ठिकाणी छप्पर उभे राहिले. आणि गावाच्या कडेच्या हलक्या झोपड्यांत राहणारे अनेकजण वाचले. ज्याच्या घराची भिंत जितकी जाड व जुनी, तितकी प्रतिष्ठा अधिक, हा गावाचा हिशेब त्या पहाटे उलटा झाला.

उपाय ठाऊक नव्हते असेही नाही. बलुचिस्तानात १९३१ च्या माच येथील भूकंपानंतर एस. एल. कुमार ह्या तरुण रेल्वे अभियंत्याने क्वेट्ट्यात भिंतींना पट्टे घालून घरे बांधली होती आणि १९३५ मध्ये शहर जमीनदोस्त झाले तेव्हा ती टिकली. रुडकी विद्यापीठात १९६० मध्ये भूकंप-अभियांत्रिकीच्या अध्यापनाची सोय जय कृष्ण ह्यांच्या पुढाकाराने झाली. भूकंपरोधक इमारतींची भारतीय संहिता १९६७ मध्ये, म्हणजे कोयनेच्याच वर्षी निघाली. पण ती अभियंत्यासाठी होती. माळवद बांधणारा गवंडी तिचा वाचक नव्हता. मातीची घरे व कच्ची दगडी घरे ह्यांच्यासाठी स्वतंत्र मानके निघावयास १९९३ हेच वर्ष उजाडावे लागले.

किल्लारीनंतरचे पुनर्वसन हे भारतातील अशा प्रकारच्या पहिल्या मोठ्या प्रयत्नांपैकी एक होय. जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या ह्या कामात ५२ गावे संपूर्णतः नव्या जागी वसविली गेली आणि त्याहून कितीतरी अधिक गावांतील घरे जागच्या जागी दुरुस्त अथवा मजबूत करण्यात आली. ह्यांतील पहिल्या भागाची चर्चा अधिक झाली, कारण तो डोळ्यांत भरणारा होता. नवी गावे शहरी धर्तीवर, सरळ रुंद रस्ते व सुटी घरे अशी आखली गेली. जुन्या गावातील वाडा, ओटा, गल्ली ह्यांची दाटी जाऊन अंतरे वाढली, आणि शेजार व शेतीच्या सोयीसंबंधी तक्रारी वर्षानुवर्षे चालू राहिल्या. त्या मानाने दुसरा भाग, म्हणजे उभ्या घरालाच बळकटी आणण्याचा, कमी खर्चाचा व अधिक व्यापक होता. परंतु नुकतेच दगडाखालून माणसे काढलेल्या लोकांना दगडी घरात पुन्हा राहण्यास सांगणे सोपे नव्हते. दगडाविषयीची ही धास्ती समजण्यासारखी असली तरी तिने एक नवा भ्रम आणला : सिमेंट आले की धोका गेला. २००१ च्या जानेवारीत गुजरातेतील भूकंपात अहमदाबादेतील सिमेंट-काँक्रीटच्या कित्येक उंच इमारती पडल्या, तेव्हा तोही भ्रम मोडला. २००२ मध्ये संहितेचा नकाशा पुन्हा बदलला. सर्वांत खालचा पट्टाच काढून टाकण्यात आला व किल्लारीचा परिसर वरच्या पट्ट्यात गेला.

कोयना परिसरातील धक्के १९६७ नंतरही चालू राहिले. दक्षिणेस वारणेच्या जलाशयात पाणी साठल्यावर त्यांचे क्षेत्र तिकडेही पसरले. १९६३ पासूनच्या साठ वर्षांत पाच किंवा अधिक प्रतीचे वीसहून जास्त भूकंप ह्या लहानशा क्षेत्रात झाले आहेत. एवढ्या आटोपशीर जागेत इतके नियमित भूकंप जगात क्वचितच सापडतात, म्हणून शास्त्रज्ञांनी तेथे खोल छिद्रे घेण्याचे काम हाती घेतले. ९३२ मीटरांवर लाव्ह्याचे थर संपून जुना खडक लागला; पुढे २०१७ मध्ये तीन किलोमीटर खोलीचे एक छिद्र पुरे झाले, आणि ह्या कामासाठी कऱ्हाड येथे स्वतंत्र प्रयोगशाळा उभारण्यात आली. विभंगाच्या शक्य तितके जवळ जाऊन तो सरकण्यापूर्वी काय घडते हे पाहावे, असा ह्यामागील हेतू आहे. अमुक दिवशी अमुक गावी भूकंप होईल असे सांगणे मात्र कोणालाही अद्याप साधलेले नाही.

ह्या सर्व इतिहासानंतर अंथुर्ण्याच्या परिसरात पाहिले तर घरे पुष्कळ बदललेली दिसतात. उसाच्या पैशाने विटा-सिमेंटची, स्लॅबची घरे आली. परंतु ह्या दुआबातील गावठाणांच्या पांढरीत जुनी माळवदे अजून आहेत, आणि त्यांतील काहींच्या खाली बैलांऐवजी आता माणसेच झोपतात. ज्यांना ती मोडून नवी बांधणे परवडत नाही त्यांच्यासाठी मानकांत दिलेले उपाय अवघड नाहीत. छपरावरची जादा माती उतरवून थर वीतभर राखावा व गळती थांबविण्यास त्याखाली प्लॅस्टिकचा कागद घालावा. भिंतीत ठरावीक अंतरांवर छिद्र पाडून त्यात सळईसह काँक्रीट भरावे, म्हणजे दोन्ही तोंडे एकमेकांना धरून राहतात. दारे-खिडक्यांच्या वर भिंतीभोवती जाळीचा अथवा काँक्रीटचा अखंड पट्टा घ्यावा. तुळया खांबांना व कोपऱ्यांना तिरप्या लाकडांनी जखडाव्यात. ह्यांतील पहिल्या कामाला फावडे, घमेले आणि पावसाळ्यापूर्वीचे दोन-तीन दिवस एवढेच लागते. ज्या दिवसांत आजवर माळवदावर माती चढविली गेली, तेच ते दिवस होत.